वेळ सांगणाऱ्यांनो, आमचीही वेळ सांगा

प्रति,
महाराष्ट्रातल्या आकाशवाणी केंद्रांचे सर्व केंद्रप्रमुख यांस

विषय : शहरांतल्या दुर्लक्षित वस्त्या आणि तुमचं घड्याळ

मी माकणीचा, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. तेरणेवर जे निम्न तेरणा धरण आहे, त्याला सगळे माकणीचं धरण म्हणतात, तेच हे गाव. माझा धंदा रेडिओ दुरुस्तीचा होता. तुमचा घसा बसला की लोक माझ्याकडं यायचे. कुणाच्या ट्रान्झिस्टरचा काटा दोरा तुटून एकाच जागी अडकलेला असायचा, कुणाच्या सेलनं आत पाणी सोडून पट्ट्या खाल्लेल्या असायच्या, तर कुणाचा व्हॉल्यूमचा कंट्रोल खरखरायचा. दुरुस्त झालेला सेट गिऱ्हाईक तपासायचा तो गाण्यावर नव्हे, बातम्यांवर. बातम्यांआधीचे ते ठोके ऐकू आले की माणूस मनगटावरच्या एचएमटीची चावी ओढायचा, काटा जुळवायचा, आणि मगच पैसे काढायचा.

आमच्या गावाला वेळ तुम्ही दिलीत. एसटी उशिरा आली हे आम्हाला कळायचं ते तुमच्यामुळं. शाळेची घंटा तुमच्यावर लागायची. तुमच्याबद्दल मनात राग असता तर एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. ज्यानं वेळ दिली त्याच्याकडं वेळच मागायला आलोय.

धंदा बसल्यावर मी वर्षातले सहा महिने मुलीकडं राहू लागलो. ती शहरात असते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लातूर समजा, सोलापूर समजा, जालना समजा, फरक पडत नाही. नाल्याच्या कडेची वस्ती आहे, वर पत्रे, मधे दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं कडेला व्हावं एवढा बोळ. आमच्या भागातले बरेचजण तिथं आहेत. कुणी दुष्काळात आलं, कुणी भूकंपानंतर, कुणी पोरांच्या शिक्षणासाठी. जावई मालवाहू टेम्पोवर, मुलगी चार घरची धुणीभांडी करते.

त्या वस्तीत सगळ्यात महाग वस्तू कोणती, तर वेळ. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, पण नेमकं कधी येणार ते कुणालाच ठाऊक नसतं. संध्याकाळी सहाला येणार म्हणून बाई काम सोडून बसते, एका घरचा खाडा होतो, त्याचे पैसे कापले जातात. सहाला पाणी येत नाही, रात्री पावणेतीनला येतं. नळातून आधी हवेचा आवाज येतो, त्या आवाजावर अख्खा बोळ उठतो. मुलगी हंडे लावते, पाच वाजता आडवी होते आणि सहाला पुन्हा कामावर. रेशनचंही तसंच. दुकान कधी उघडणार, माल आला का, अंगठ्याचं मशीन चालू आहे का, हे तिथं जाऊन रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बंगल्यातल्या माणसाला टाकी असते, इन्व्हर्टर असतो, गाडी असते; वेळ चुकली तरी त्याचं भागतं. वस्तीतल्या माणसाकडं वेळ चुकवून चालवून घेण्याची सोय नसते. गरिबी म्हणजे दुसऱ्याच्या घड्याळावर जगणं, असं मला तिथं राहून वाटायला लागलंय.

आता तुमच्याकडं येतो. मी सवयीनं सकाळी रेडिओ लावतो. सहा महिने कान देऊन ऐकलं. वस्ती बातम्यांत येते ती तीन वाटांनी: आग, साथ आणि अतिक्रमण. हे नुसतं रेडिओचंच नाही, पेपरांचं आणि टीव्हीचंही तेच आहे. झोपड्या जळाल्या की येते, डेंग्यू झाला की येते, बुलडोझर फिरला की येते. मधल्या दिवसांत ती नसतेच. कधी एखादा दर्दभरा कार्यक्रम होतो, मागे बासरी वाजते आणि निवेदक हळू आवाजात आमच्या व्यथा सांगतो. महोदय, आम्हाला बासरी नको. आमची बातमी व्यथेची नाही, वेळापत्रकाची आहे.

हे मी हवेत बोलत नाही, आमच्या भागाचा अनुभव आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीचा भूकंप; किल्लारी आमच्यापासून काही कोसांवर. आदल्याच दिवशी गणपती बुडवून लोक निजले होते. सरकारी मोजणीप्रमाणं 7,928 माणसं गेली. 3:56 ही वेळ त्या दिवशी साऱ्या जगाला कळली, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ती आजही जन्मतारखेसारखी पाठ आहे. पण त्यानंतरच्या वेळा? टँकर किती वाजता, पत्रे कुठल्या गावाला कधी, डॉक्टरची गाडी कुठं थांबणार, यातलं काहीच नीट कळायचं नाही. तिथं मग अफवा शिरल्या. आज रात्री पुन्हा हलणार, अमुक तासाला धरण फुटणार. माकणीच्या जलाशयाचा आणि भूकंपाचा काही संबंध आहे का, यावर शास्त्रज्ञांत पुढं बराच वाद झाला. तो त्यांचा विषय. मला एवढंच कळलं की जिथं खरी वेळ कुणी सांगत नाही, तिथं खोटी वेळ सांगणारा निघतोच. शहरातल्या वस्तीत हे रोज होतं, भूकंप नसताना.

तुम्ही म्हणाल, रेडिओ आता ऐकतं कोण? सगळ्यांकडं मोबाइल आहे, पाण्याची वेळ व्हॉट्सॲपवर येते. येते ना. आमच्या वस्तीचाही ग्रुप आहे. तो नगरसेवकाच्या माणसानं काढलाय. ज्यांनी निवडणुकीत दुसरीकडं काम केलं ते ग्रुपमधून निघालेत. ज्या बाईकडं साधा फोन आहे ती कधी त्यात नव्हतीच. रेडिओ ऐकताना कुणाला मत दिलं ते कुणी विचारत नाही. लहरी सगळ्यांच्या पत्र्यावर सारख्याच पडतात. मोबाइलमधला रेडिओही मला माहीत आहे. इअरफोनची वायर हीच त्याची एरियल असते, ती खुपसल्याशिवाय तो बोलत नाही. नव्या फोनांतून ती सोयच गायब व्हायला लागली, तेव्हा 2023 मध्ये केंद्र सरकारनं फोन बनवणाऱ्यांना सांगितलं की एफएम बंद करू नका, संकटात तो लागतो. म्हणजे रेडिओची गरज सरकारलाही पटलेली आहे. संकट मात्र तुम्ही वादळ-भूकंपाएवढंच धरता, आणि आमच्याकडं ते दर चार-पाच दिवसांनी रात्री पावणेतीनला येतं.

दुसरं असं की रेडिओवरून वस्तीची बातमी देण्याचं काम दुसऱ्या कुणाला सांगावं, तर सांगता येत नाही. या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही; ते फार तर तुमच्याच बातम्या पुन्हा लावू शकतात. रेडिओवर बातमी सांगण्याचा मक्ता तुमच्याकडं आहे. मक्ता असला की जबाबदारीही एकट्याचीच होते. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपल्या मराठी मुलखातले. प्रसार भारतीच्या 1990 च्या कायद्याचं कलम 12 वाचा. कष्टकऱ्यांच्या हक्कांचं रक्षण, दुर्बल घटकांची आणि मागास भागातल्या लोकांची सेवा, हे तुमचं कर्तव्य म्हणून तिथं लिहून ठेवलंय. धाराशिव जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, म्हणून आमच्या खेड्याकडं निदान कागदावर तरी लक्ष असतं. शहरातली वस्ती अशा कुठल्या यादीत बसत नाही. ती खेडं नाही, दुर्गम नाही, कलेक्टर कचेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जवळ आहे म्हणूनच ती कुणाला दिसत नाही.

एकेकाळी तुम्हाला शहरातला कामकरी दिसत होता. ‘कामगार सभा’ लागायची, ती त्याच्यासाठीच होती. गिरणीचा भोंगा, पाळी सुटण्याची वेळ आणि तुमचा कार्यक्रम, तिन्हींचा मेळ असायचा. आता गिरण्या गेल्या, भोंगा गेला. आजचा कामगार टेम्पोवर आहे, कंत्राटी झाडूवर आहे, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आहे. त्याच्या पाळीला भोंगा नाही, म्हणून तो तुम्हाला ऐकू येईनासा झाला.

आणि श्रोत्याला विचारून रेडिओ चालवायचा, हे मी नवं काही सांगत नाही. ते तुमच्याच घरात झालंय, आपल्या पुण्यात. 1956 साली युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत, दीडशे गावांत श्रोतामंडळं काढली होती. कल्पना कॅनडातल्या शेतकरी मंडळांवरून घेतलेली. दहा आठवडे, आठवड्याला दोन, असे वीस कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं एकत्र बसून ऐकायची, मग त्यावर बोलायची, त्याची टिपणं आणि प्रश्न पुण्याला पाठवायची, आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरं मिळायची. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओ नसलेली गावं त्यांनी ताडून बघितली. ज्ञानात भर पडली ती मंडळांच्या गावांत. नुसता रेडिओ होता तिथं फारसं काही हललं नाही.

मेकॅनिक म्हणून मला यात नवल वाटलं नाही. जुना सेट चांगला असून भागायचं नाही, अर्थिंग लागायचं. लहर आभाळातून येते तशी तिला जमिनीत उतरायला वाट हवी. पुण्याच्या त्या प्रयोगात वाट होती, पुढं ती हळूहळू बुजली. तुम्ही बोलत राहिलात आणि आम्ही ऐकत राहिलो. आमच्याकडून तुमच्याकडं येणारी एकच गोष्ट उरली, ती फर्माईश. ‘आपली आवड’मध्ये नावांची माळ वाचली जायची, त्यात कधी माकणी यायचं. गाव दिवसभर त्याच आनंदात असायचं. गाणं कुठलं होतं ते कुणाला आठवत नाही, नाव वाचलं गेलं ते सगळ्यांना आठवतं. वस्तीचं नाव मात्र त्या माळेतही नसतं. तिथले लोक फर्माईश पाठवताना शहराचं नाव टाकतात, बोळाचं टाकत नाहीत. लाज वाटते.

तेव्हा माझं मागणं काय ते स्पष्ट सांगतो.

पहिलं, रोज संध्याकाळी पाच मिनिटं ‘वस्तीचं वेळापत्रक’. उद्या कुठल्या वस्तीला पाणी किती वाजता, कुठल्या भागात वीज बंद राहणार, रेशनचा माल कुठं उतरला, लसीकरणाची गाडी कुठं थांबणार. पाणीपुरवठ्याच्या, विजेच्या, पुरवठा खात्याच्या माणसानं तुम्हाला रोज कळवायचं. वाचताना ‘शहराच्या काही भागांत’ असं वाचू नका. वस्तीचं नाव घ्या, बोळाचं घ्या. लोक ज्या नावानं ओळखतात ते घ्या, मग ते कागदावर नसलं तरी चालेल.

दुसरं, आणि माझ्या मते खरं काम हेच. दुसऱ्या दिवशी सांगा, काल सांगितलेलं पाणी आलं की नाही. ‘काल अमुक वस्तीला सहा वाजता पाणी येणार होतं, ते रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी आलं.’ एवढंच. टीका नको, मुलाखत नको, बासरी नको. वेळ एकदा उघड जाहीर झाली की चूक आपोआप दिसते. आत्ता चूक दिसत नाही, कारण वेळ कधी जाहीरच होत नाही. जी वेळ उघड सांगितली नाही ती चुकली असं कुणाला म्हणता येत नाही. तुम्ही सरकारी माध्यम आहात, तुम्हाला अडचणी असतील, मी समजू शकतो. पण घड्याळ वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि हे न करता नुसतं पहिलं केलंत, तर तुम्ही खात्यांचे दवंडीवाले व्हाल, श्रोता चार दिवसांत काटा फिरवेल.

तिसरं, उत्तराचा एक वार ठेवा. सोमवारी वस्तीचा प्रश्न, शुक्रवारी उत्तर. उत्तर आलं नाही तर तेही सांगा: ‘उत्तर आलेलं नाही.’ आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा सांगा.

चौथं, प्रत्येक मोठ्या शहरात निदान दहा वस्त्यांत 1956 सारखी मंडळं करा. वीस माणसं, एक रेडिओ, एक वही. तुमचे अंशकालीन वार्ताहर जिल्हावार असतात. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एकटा माणूस कुठं कुठं पुरणार? या वह्या त्याचे डोळे होतील. आणि माणसं बोलतील ती त्यांच्या बोलीत बोलू द्या. आमच्या वस्तीत मराठवाडी आहे, गोरमाटी आहे, दखनी आहे. ‘लई उशीर हुतोय’ हे शुद्ध करून वाचलं की त्यातला उशीरच निघून जातो.

माणसं कमी आहेत, पदं भरली जात नाहीत, असं तुम्ही म्हणाल. खरं असेल. पण हे दिल्लीच्या पैशाशिवायही होतं. आमच्या उमरग्यावरून हैदराबादला जाणारा महामार्ग जहीराबादवरून जातो. त्याच जहीराबादजवळ माचनूर गावात 2008 पासून संघम रेडिओ चालतो, दलित बायकांनी चालवलेला. त्याच वर्षी आपल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. ही सामुदायिक केंद्रं छोट्या ताकदीची, दहा-पंधरा किलोमीटर पोचणारी. त्यांच्याकडं तुमच्याएवढे मनोरे नाहीत. बोलणारा आणि ऐकणारा एकाच विहिरीवर पाणी भरतो, हे त्यांचं भांडवल.

श्रोत्यांनी आवाज केला तर काय होतं, हेही तुम्ही बघितलंय. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय निघाला होता. पुणेकरांनी गलका केला, पुढारी बोलले, आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. चांगलं झालं. कुठल्याही शहराचा आवाज जाऊ नये. पण तेव्हा माझ्या मनात आलं, उद्या आमच्या वस्तीची बातमी बंद करायची म्हटली तर कुणाला कळेल? बंद करायला ती आधी सुरू तरी असायला हवी.

मी एका केंद्राला यापूर्वी पोस्टकार्ड टाकलं होतं. उत्तर आलं नाही. पत्ता माझाच चुकला असेल, म्हणून त्या केंद्राचं नाव घेत नाही आणि या वेळी सगळ्यांनाच लिहितोय. पूर्वी रेडिओला लायसन लागायचं, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे. लायसन गेलं ते बरंच झालं. पण तेव्हा रेडिओ ऐकणाऱ्याचं नाव सरकारी वहीत कुठंतरी असायचं. आता आम्ही ऐकतो, हे कुणाच्याच वहीत नाही.

म्हणून मी माझी वही सुरू केली. मागच्या खेपेला मुलीकडं असताना एका महिन्याच्या पाण्याच्या वेळा लिहून ठेवल्या. डावीकडं सांगितलेली वेळ, उजवीकडं आलेली. महिन्यात सात वेळा पाणी आलं. सात ओळी झाल्या. त्यातली एक ओळ दोन्हीकडं सारखी आहे. त्या दिवशी वस्तीत एका लग्नाला मोठा पाहुणा यायचा होता.

त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तुमच्यातल्या एका जरी केंद्रानं या सात ओळी वाचल्या, वस्तीचं नाव न घेता वाचल्या तरी, मी माकणीत ऐकेन आणि मुलगी तिच्या बोळात ऐकेल. नुसता वार आणि वेळ आधी कळवा. सेल नवे घालून ठेवतो.

आपला,
माकणीचा एक जुना रेडिओ मेकॅनिक

ता. क. : उत्तर पोस्टानं पाठवू नका. हवेवर द्या. बोळातल्या बाकीच्यांनाही ते ऐकायचंय.